पळणारी रेघ

बटण दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही. मग पात्याची गाडी उजव्या कोपऱ्यातून सुटते, रुळावरून सरसरत डावीकडे जाते, टोकाला ठक्क करून आपटते आणि परत येते. यंत्र सुरू होताना आपली जागा तपासून घेतं, एवढंच ते असतं. माझ्या पतींनी हे मला कितीदा तरी सांगितलं होतं. ते गेल्यावर मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बटण दाबलं तेव्हा हे सगळं ठाऊक असूनही मी मागे सरले, आणि माझी पाठ भिंतीवरच्या नंबरप्लेटांना लागून त्या खडखडल्या.

दुकान मुरबाडला, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. आमच्याकडे त्याला रेडियमचं दुकान म्हणतात. गाड्यांवरची नावं, दुकानांच्या काचांवरची अक्षरं, ट्रॉलीच्या मागच्या चमकत्या पट्ट्या, जे काही चिकटणाऱ्या रंगीत कागदातून कापून लावायचं त्या सगळ्याला रेडियम. कागद म्हणायचं, पण तो पातळ प्लास्टिकचा असतो. त्याच्या पाठीला गोंद, आणि गोंदाखाली मेणचट कागद. यंत्राने वरचा थर कापायचा आणि खालचा शाबूत ठेवायचा. पातं जरा जास्त खाली गेलं तर दोन्ही फाटतात, जरा वर राहिलं तर अक्षर सुटतच नाही.

मी किन्हवलीच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. घरही किन्हवलीलाच. ते सकाळी मोटरसायकलने मुरबाडला जायचे आणि मी चालत शाळेत. अकरा वर्षांत मी त्या यंत्राला कामासाठी कधी हात लावला नाही. वर्षातून एकदा दसऱ्याला पूजेचं ताट घेऊन मी दुकानात जायची, यंत्राला हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची आणि परत यायची.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर अठराव्या दिवशी, धनत्रयोदशीच्या दुपारी, ते दुकानातल्या खुर्चीत बसल्या जागी गेले. शेजारच्या गाळ्यातल्या शिंपीमास्तरांनी पाहिलं तेव्हा यंत्र चालू होतं आणि कापून झालेला कागद त्यांच्या पायापर्यंत येऊन पडला होता. हृदयाच्या शिरा कितीतरी वर्षांपासून बंद होत आल्या होत्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तेरावं झालं आणि माझे धाकटे दीर मला भेटायला आले. ते वाशिंदला कारखान्यात असतात. बराच वेळ ते चहाचा कप फिरवत बसले.

"वहिनी, मशीनला गिऱ्हाईक हाय. शहापूरचा माणूस. बंद ठेवलं का अशी मशिनं गंजत्यात."

"मी चालवीन म्हणते."

"तुमी?" ते हसले नाहीत, पण हसू आवरलेलं मला दिसलं. "वहिनी, तुमी घरातला मिक्सर लावताना बी लांबून बटण दाबता."

ते खरं होतं. मी म्हटलं, "भावजी, मला पुढच्या पुढच्या रविवारपर्यंत वेळ द्या. त्या दिवशी त्या माणसाला घेऊन या. तुमच्यासमोर पिकअपवाल्याचं राहिलेलं काम कापून दाखवते. रेघ सरळ आली तर दुकान राहील. नाही आली तर घेऊन जा."

ते कुठलं काम आणि कुठली रेघ हे त्यांना माहीत होतं. घरात काय, भावाशी फोनवर काय, शेवटचे अठरा दिवस दुसरं बोलणंच नव्हतं.

टोकावड्याचा एक पिकअपवाला आहे. हंगामात पेंढा भरून घाटावर नेतो. त्याला गाडीच्या दोन्ही बाजूंना आठ फुटी ओळीत 'आईची पुण्याई' लावायचं होतं. एक बाजू दसऱ्याच्या आधी झाली, सुरेख झाली. दुसरी दसऱ्यानंतर कापायला घेतली आणि रेघ पळाली. म्हणजे असं, की आपल्या अक्षरांच्या डोक्यावर एक लांब शिरोरेघ असते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यांत एखादं जरा कललं तरी खपून जातं. आपली रेघ, इथे तर दोन्ही शब्दांवरून, पहिल्या 'आ'पासून शेवटच्या 'ई'पर्यंत एकसंध कापावी लागते, आणि कागद यंत्रातून जाताना एका बाजूला सरकला की ती रेघ तिरकी होते. पातं फिरून निघाल्या जागी परत येतं तेव्हा तिथे टोकं जुळत नाहीत, बोटभर फट राहते. छोट्या नंबरप्लेटा नीट व्हायच्या. लांब काम आलं की रेघ पळायची.

त्यांनी पातं बदललं. पट्टा बदलला. पात्याखालची पांढरी पट्टी बदलली, संगणक पुसून पुन्हा भरून घेतला. जेवताना ते ताटातल्या भाताकडे बघत बसायचे. एकदा मी, "उद्या बघा, आता जेवा," म्हटलं तर माझ्यावर ओरडले. अकरा वर्षांत दोनदा-तीनदाच ओरडले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "तुझ्यावर नव्हतो चिडलो. त्या रेघेवर."

मी शाळेतून शिल्लक रजा घेतली. सकाळच्या एसटीने किन्हवलीहून मुरबाडला जायचं आणि ऊन उतरायच्या आत परतायचं, असे दिवस सुरू झाले. गाडीत मांडीवर यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक असायचं. पुस्तकाची मला भीती नाही. त्यातलं प्रत्येक पान मला कळत होतं, आणि दुकानात पाऊल टाकलं की त्यातलं एकही आठवत नसे.

दुकानात सगळीकडे ते होते. यंत्र विकत घेतलं तेव्हा साधं होतं. त्यांनी त्याला हळूहळू घडवलं होतं. सायकलच्या चाकाची बेअरिंगं पाइपात बसवून कागदाच्या गुंडाळ्यासाठी घोडा केला होता, म्हणजे कागद ओढला न जाता आपोआप सुटावा. पावसाळ्यात कागद ओल धरतो म्हणून फळीखाली पिवळा बल्ब लावला होता. एका वर्षी पाल आत शिरून जळाली तेव्हापासून मागच्या भोकांना जाळी होती. भिंतीवर पुठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात दाबाचे आकडे होते: पांढरा ९०, लाल ९५, काळा ९५, चमकता १४० आणि देवाचं नाव घ्या.

यंत्राच्या झाकणावर मी दसऱ्याला लावलेली हळदकुंकवाची बोटं तशीच होती. माझ्या कपाळावरचं गेलं होतं, यंत्रावरचं राहिलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं, झाकण ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. मी आजूबाजूचं सगळं पुसलं आणि तेवढी जागा सोडली.

पहिल्या दिवशी पातं इतकं खाली बसवलं की ते कागद, मेणकागद आणि खालची पट्टी तिन्ही चिरत गेलं. कर्र असा आवाज आला. मी बंद करायचं बटण शोधेपर्यंत पट्टीवर वीतभर ओरखडा पडला होता. ती पट्टी त्यांनी शेवटच्या आठवड्यात बदललेली होती. दुसऱ्या दिवशी कागद वाकडा जातोय असं वाटून मी तो सरळ करायला हात घातला आणि गाडी परत आली. नख निळं पडलं. त्यानंतर यंत्र चालू असताना मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहायची.

भीती नखाची नव्हती. मला वाटायचं, मी काहीतरी खोलीन, एखादा स्क्रू जरा जास्त फिरवीन आणि त्यांनी अकरा वर्षांत जे जुळवलं ते एका झटक्यात जाईल. ते गेले होतेच, आता त्यांचा हातही जाईल, आणि तो माझ्या हातून. मला हे कुणाला सांगता येत नव्हतं.

पहिला आठवडा संपत आला तेव्हा पिकअपवाला दारात येऊन उभा राहिला.

"ताई, घाई नाय. पन माझी आय रोज इचारते, रं, मी तुझ्या गाडीच्या एकाच बाजूची काय?"

मला हसू आलं, आणि दुकानात हसल्याचं लक्षात येऊन लगेच थांबलं. तो चप्पल काढून आत आला, त्यांच्या फोटोला नमस्कार केला. म्हणाला, "दादांनी दोन येळा कापलं, दोन्ही येळा सोताच फाडून टाकलं. मी म्हनलं, लावा हो, घाटात कोन फूटपट्टी घेऊन बसलंय. नाय म्हनाले."

तो गेल्यावर मी पुठ्ठ्यावरचा लाल रंगाचा आकडा लावला आणि पहिल्यांदा पूर्ण आठ फुटी ओळ कापली. 'आ' ठीक आला. 'ई' ठीक. 'ची'पासून रेघ डावीकडून उजवीकडे कलायला लागली. शेवटच्या 'ई'पर्यंत ती बोटभर खाली आली होती. मी कागद जमिनीवर पसरून त्याच्याशेजारी बसले. त्यांनीही असाच पसरला असणार. त्यांना जे दिसलं नाही ते मला कसं दिसणार होतं?

शिंपीमास्तर डोकावले. सत्तरीचे आहेत, गळ्यात कायम टेप.

"काय वहिनीबाई, साडी पसरली का काय?"

"रेघ पळतेय, मास्तर."

ते वाकून बघत राहिले. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा खाली घेतला. "त्यांनी मला कदी ईचारलं नाय. काँप्युटरचं मशीन, मला काय कळतंय, असं मला बी वाटायचं. पन माझ्या मशीनवर कापड असं एका अंगाला पळायला लागलं ना, तर मी सुई नाय बगत. पाय बगतो."

"पाय?"

"कापड दाबून धरतो तो. दाब दोन्हीकडं सारका नसला का कापड ढिल्या बाजूनं सरकतं. तुमच्यात काय हाय दाबायला?"

आमच्यात चाकं होती. पुस्तकाच्या बाराव्या पानावर त्यांचं चित्र होतं. कागद एका खरबरीत लोखंडी दांड्यावरून जातो आणि वरून दोन रबरी चाकं त्याला दाबून धरतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. मागची खिटी उचलली की चाकं वर, सोडली की खाली.

मास्तरांनी चिंध्यांतून वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या फाडून दिल्या. "एकेका चाकाखाली घाला आणि वडून बगा."

मी यंत्र बंद केलं, वायर काढली, आणि ती काढलेली आहे हे दोनदा पाहिलं. उजव्या चाकाखालची पट्टी ओढली तर फाटून अर्धी हातात आली. डाव्या चाकाखालची सहज निघाली. चाक खाली दिसत होतं, कागदाला टेकलं होतं, फक्त दाबत नव्हतं.

"हा बगा तुमचा चोर," मास्तर म्हणाले. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आल्यामुळे ते गेले आणि मी एकटी राहिले.

डाव्या चाकाची दांडी झाकणाखाली जाते. झाकणाचे चार स्क्रू सोडवायला मला अर्धा तास लागला. प्रत्येक स्क्रू काढला की मी तो एका कोऱ्या पुठ्ठ्यावर त्याच्या जागी ठेवायची आणि शेजारी आकडा लिहायची. झाकण उचललं. मोबाइलचा उजेड आत धरला.

दांडी जिथे स्प्रिंगला मिळते तिथे बारीक खाच होती. खाचेत काहीतरी अडकलं होतं. तेलात भिजून घट्ट झालेलं, तांबूस, वर पिवळट. मला वाटलं गंजाचा कपचा असेल. चिमट्याने धरून हलवलं, निघेना. मग टोकाने जरा उचकटलं तेव्हा ते टपकन निघून माझ्या तळव्यावर पडलं. दांडी आपसूक खाली बसली. चाकाने दांड्यावर टेकताना बारीक आवाज केला.

तो तांदळाचा दाणा होता. कुंकू लावलेली अक्षत.

मी तो मोबाइलच्या उजेडात धरून पुन्हा पाहिला.

दसऱ्याला मी ताट घेऊन आले तेव्हा ते म्हणाले होते, "वरच्यावर लाव गं, आत काही जायला नको." मी हळदकुंकू वरच्यावरच लावलं. पण त्या दिवशी घरचा नवा तांदूळ होता, नुकताच भरडून आणलेला, आणि माझं मन हलकं होतं. मी ओंजळभर अक्षता घेऊन यंत्रावर उधळल्या. ते हसले. "लग्न लावतेयस का त्याचं?" मीही हसले. मग त्यांनी ब्रशने दाणे झाडून काढले. ते झाडत असताना मी म्हटलं होतं, "राहू द्या दोन-चार, शुभ असतात."

म्हणजे माझ्या हातून. मला ज्याची भीती वाटत होती ते मी आधीच करून बसले होते.

अठरा दिवस. पातं, पट्टा, पट्टी, संगणक. ताटातल्या भाताकडे बघत बसणं. डॉक्टरांचं वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हटलं, कितीतरी वर्षांपासून, कितीतरी वर्षांपासून. ते वाक्य खरं होतं. तरी दाणा माझ्या तळव्यावरच होता.

दाणा मी मेणकागदाच्या तुकड्यात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. झाकण लावलं. स्क्रू आकड्यांप्रमाणे बसवले. त्या दिवशी काहीच कापलं नाही. एसटीत शेजारची बाई म्हणाली, "बरं नाय का गो?" मी म्हटलं, ऊन लागलं. कार्तिकातलं ऊन कुणाला लागतं?

पुढचे दिवस मी काम शिकण्यात घालवले. लांब ओळ मात्र कापून बघितली नाही. रेघ सरळ आली तर दोष त्या दाण्याचा होता हे नक्की होईल, म्हणून. आणि वाकडी आली तर दुकान जाईल. दोन्हींतलं मला नेमकं काय नको आहे, ते मला ठरवता येत नव्हतं.

रविवारी सकाळी दीर आले. बरोबर शहापूरचा माणूस, हातात मोजायची टेप. पिकअपवाल्यालाही मी बोलावलं होतं. मास्तर दारात स्टूल टाकून बसले.

शहापूरच्या माणसाने यंत्राभोवती एक फेरी मारली. घोडा पाहून म्हणाला, "हे कुणी केलं? भारी केलंय."

मी बटण दाबलं. ठक्क झालं. डोळे मिटले, उघडले. लाल कागद लावला, दाब ९५. दोन्ही हात पाठीमागे धरले. कागद पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे. पात्याचा आवाज मी इतक्या दिवसांत ओळखायला शिकले होते. तो एकसारखा होता. कागद घोड्यावरून सुटत जमिनीवर उतरत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी पुठ्ठ्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिले.

यंत्र थांबल्यावर पिकअपवाल्याने कागदाचं एक टोक धरलं, दिरांनी दुसरं. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून रेघेवर ताणली. रेघ टेपेच्या कडेला पहिल्यापासून शेवटपर्यंत चिकटून होती. पातं निघालं तिथेच येऊन मिळालं होतं. फट नव्हती.

"आय दोन्ही बाजूंनी झाली," पिकअपवाला म्हणाला.

शहापूरच्या माणसाने आपली टेप खिशात घातली. चांगला माणूस. म्हणाला, "ताई, पाती लागली तर माझ्याकडून घेऊन जा." आणि बाहेर जाऊन मोटरसायकलवर बसला.

दिरांनी मला विचारलं, "मग काय बिघाड व्हता? दादाला एवढे दिवस घावला नाय तो?"

मी सांगणार नाही असं ठरवून आले होते. चाक ढिलं होतं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पण त्यांचा चेहरा त्यांच्या भावासारखा आहे, विचारताना भुवई तशीच वर जाते. मी पर्स उघडली आणि मेणकागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उलगडला. दाण्याकडे बघत राहिले. मग काम करून राठ झालेल्या बोटाने तो जरासा सरकवला.

"माझ्या अक्षता व्हत्या," ते म्हणाले. "दसऱ्याला संध्याकाळी मी आलो व्हतो हिकडं. तुमी गेल्यावर. मी बी टाकल्या."

त्यांनी दाणा परत गुंडाळून मला दिला आणि पिकअपवाल्याला मदत करायला बाहेर गेले. दसऱ्याला त्यांची दुसरी पाळी होती. वाशिंदहून ते रात्री उशिरा फोनवर भावाशी बोलले होते, सोनं द्यायला येता आलं नाही म्हणून. तो फोन मीच आधी उचलला होता. मी दाणा परत पर्सच्या कप्प्यात ठेवला, आणि त्यानंतर आम्ही दोघांनीही कधी तो विषय काढला नाही.

आता मी शाळा सुटल्यावर दुकानात जाते. शनिवारी दुपारपासून, रविवारी सकाळपासून. मास्तरांनी छत्रीच्या काळ्या कापडाचं झाकण शिवून दिलं, काम नसताना यंत्र त्याच्याखाली असतं. दर सोमवारी मी दोन्ही चाकांखाली कागदाच्या पट्ट्या घालून ओढून बघते. पुस्तकात महिन्यातून एकदा लिहिलंय. पात्याच्या ठक्कला डोळे अजून मिटतात.

वर्ष फिरून दसरा आला. पूजा कुणी करायची, हे मी कुणाला विचारलं नाही. मी ताट घेऊन गेले. यंत्रावर ते काळं झाकण तसंच ठेवलं, वरून झेंडूची माळ घातली. अक्षता मोजून पाच घेतल्या होत्या. एकेक करून झाकणावर ठेवल्या, हात जोडले. मग एकेक करून उचलल्या, तळव्यावर मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या.